माणक चौकातली वाढवलेली दुकानं

रतलामच्या बाजारात दुकान कधी बंद होत नाही. संध्याकाळी कुलूप लावतात तेव्हा ते दुकान 'वाढवतात', दिवा मालवतात तेव्हा तोही 'वाढवतात', आणि धंदा साफ बसून मालक कायमचा घरी बसला तरी लोक इतकंच म्हणतात, की अमक्यानं दुकान वाढवलं. 'बंद' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लक्ष्मी ऐकत असते, आणि ती भारी मनाला लावून घेणारी आहे.

डॉ. भुवनेश पोरवाल याच गावात जन्मले आणि वाढले. हे वाढणं मात्र खरंखुरं, चांगलं पोट सुटेपर्यंतचं. ते मही विद्यापीठातल्या व्यवस्थापन विभागाचे प्रमुख होते. विभाग त्यांनीच सुरू केला होता, वनस्पतिशास्त्राच्या जुन्या गोदामात, बुरशीच्या बरण्या स्वतःच्या हातानं हलवून. आता विभागाला स्वतंत्र इमारत होती आणि दोन वातानुकूलन यंत्रं होती. त्यातलं एक चालत असे.

इतक्या वर्षांत पोरवाल सरांनी शिक्षणाची गुणवत्ता इतक्या वेळा सुधारली होती, की मूळची गुणवत्ता काय होती हे कोणालाच आठवत नव्हतं. एकदा खुर्च्या बदलून सुधारली. एकदा फळा काढून पडदा लावला. एकदा मुलांना कोट-टाय सक्तीचा केला. ती सुधारणा मे महिन्यात निघाली, दोन मुलांना घेरी आली आणि ती गुपचूप मागे घेण्यात आली. शिकवण्याला तेवढा कोणी हात लावला नव्हता. सर पहिल्या वर्षापासून स्कॉटलंडमधल्या एका बिस्किट कंपनीचं उदाहरण शिकवत आले होते. त्या बिस्किटांचा खप कसा वाढवावा याची उत्तरं लिहून अठरा तुकड्या पास झाल्या होत्या. मधल्या काळात ती कंपनीच बुडाली. एका मुलानं मोबाइलवर शोधून भर वर्गात सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "असू दे. कंपनी बुडते, तत्त्व बुडत नाही." आणि बिस्किटं पुढे चालू राहिली.

मुलांचीही तक्रार नव्हती. त्यातली निम्मी व्यापाऱ्यांची. लग्नाच्या माहितीपत्रकात 'मुलगा एमबीए' असं छापता आलं की झालं, एवढीच त्यांच्या घरच्यांची व्यवस्थापनशास्त्राकडून अपेक्षा होती.

मग नवे कुलगुरू आले. त्यांनी पोरवाल सरांना बोलावलं, चहा दिला आणि चहा संपायच्या आत सांगूनही टाकलं.

"पोरवालजी, कोलकात्याहून एकसदस्य समिती येतेय. प्राध्यापक लाहिरी म्हणून बाई आहेत, त्या बघतील तुम्ही काय शिकवता ते. त्यांनी मान डोलावली तर विभाग राहील. नाही तर वाणिज्य विभागात मिसळून टाकू. तुम्हालाही तिथे टेबल मिळेल, काळजी करू नका."

टेबल! पोरवाल सरांनी कप खाली ठेवला. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. करारावरचे चार शिक्षक घरी जाणार आणि आपण वाणिज्यवाल्यांच्या खोलीत खिडकीशी बसणार, या विचारानं त्यांना जेवण जाईना. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतः उभी केली होती.

त्या चार शिक्षकांत एक होत्या डॉ. पद्मजा. त्या राजमहेंद्रीच्या, गोदावरीकाठच्या. हिंदी शिकल्या त्या शब्दकोशातून आणि सिनेमातून, त्यामुळे त्यांचं व्याकरण पोरवाल सरांपेक्षा शुद्ध होतं आणि रागावल्या की त्या नायिकेसारखं बोलत. त्यांनी उपाय सुचवला.

"सर, मुलांना बाजारात पाठवू या."

"शेव आणायला?"

"शिकायला, सर. माणक चौक इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आपण स्कॉटलंडला जाऊन बसलोय. गेल्या दहा वर्षांत तुम्ही तुमच्या दुकानाचं काय केलं आणि का केलं, एवढे दोनच प्रश्न विचारायचे. समितीला नवीन काहीतरी दिसेल."

"अहो पण तिथे तर यांचे बापच बसतात. त्यांना काय विचारायचं? ते तर रोज घरी भेटतात."

"तेच तर म्हणतेय, सर. रोज भेटतात आणि कोणी विचारत नाही."

सर कबूल झाले. त्यांचं मन वळलं होतं असं नाही, दुसरा उपाय नव्हता. मुलं प्रश्न घेऊन निघाली आणि बाजाराच्या तोंडाशी कचोरीच्या गाडीवर थांबली. ऊन फार होतं. तिथेच कोणाच्या तरी लक्षात आलं, की दुकानदार म्हणजे शेवटी आपले काका, मामा आणि शेजारीच. घरी पंख्याखाली विचारलं म्हणून काय बिघडलं? मग सगळ्यांनी घरोघरी बसून विचारलं, उत्तरं लिहून घेतली, आणि माणक चौकात एकानंही पाऊल टाकलं नाही.

उत्तरं पाहून पद्मजाबाई हरखून गेल्या. जो तो म्हणत होता, 'आम्ही दुकान वाढवलं.' चार जुन्या व्यापाऱ्यांत तीन वाढवणारे! का वाढवलं, तर 'देवाची मर्जी.' पद्मजाबाईंनी शास्त्रशुद्ध पद्धतीनं तक्ता केला. 'वाढवलं'ची नोंद त्यांनी 'विस्तार' या रकान्यात केली. देवाच्या मर्जीचं काय करावं हे थोडा वेळ कळेना, मग ती 'वरिष्ठ नेतृत्वाचा पाठिंबा' या रकान्यात घातली.

पोरवाल सरांनी तक्ता वरवर पाहिला. आकडे वाईट असले तर ते तपासावेत आणि चांगले असले तर छापावेत, हा विद्यापीठाचा रिवाज त्यांच्या अंगात मुरला होता. त्यांनी छापले. अहवाल कोलकात्याला गेला. विभागाच्या दारावर मोठा फलक लागला आणि त्यावर पितलिया, कटारिया वगैरे मंडळींचे उद्गार मोठ्या अक्षरांत झळकले. उद्गारचिन्हं सरांनी स्वतः घातली.

समिती यायच्या दिवशी सकाळी सर पोहे खात होते. समोर झोपाळ्यावर त्यांचे वडील बसले होते. गावात आणि घरात सगळे त्यांना बासाब म्हणत. वय झालं होतं, पण कान शाबूत होते, फक्त ते कान कुठे द्यायचे आणि कुठे नाही हे ते स्वतः ठरवत.

"ऐक मंजुला, कसं वाटतं बघ," सरांनी बायकोला फलकावरचा मजकूर खणखणीत आवाजात वाचून दाखवला. "'माणक चौकाचे एकच उद्गार: आम्ही दुकान वाढवलं!'"

मंजुलाबाईंच्या हातातली शेवेची वाटी तशीच राहिली.

"हे छापलंत?"

"दारावर लावलंय. हत्तीएवढं."

"अहो, काय म्हणावं तुम्हाला! लोकांच्या दारातलं दुःख आणि तुम्ही त्याचा फलक लावलात? वर तोंड वर करून मलाच वाचून दाखवताय?"

"दुःख कसलं? विस्तार आहे तो. प्रगती!"

"कसली डोंबलाची प्रगती? पितलियांनी वाढवलं, कटारियांनी वाढवलं, कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्यानं वाढवलं. सगळे घरी बसून माश्या मारताहेत." मग झोपाळ्याकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्या बासाबांनीसुद्धा वाढवलंच होतं की."

सरांचा घास तोंडातच राहिला. ज्या भाषेत त्यांनी जन्माला आल्यावर पहिलं रडून घेतलं, त्या भाषेतला हा शब्द. रोज संध्याकाळी अर्धं गाव तो उच्चारतं. पण तक्त्यात बसून, रकाना घेऊन, चष्मा लावल्यासारखा तो समोर आला आणि सरांनी त्याला ओळखलंच नाही.

"शेव घ्या," मंजुलाबाई म्हणाल्या. "रिकाम्या पोटी अब्रू घालवू नये."

झोपाळा थोडा थांबला आणि पुन्हा हलू लागला.

विभागात पोचताच सरांनी पद्मजाबाईंना खोलीत बोलावून सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे वाढवलं म्हणजे बंद?"

"हळू बोला! तो शब्द इथे काढत नाहीत."

"मग कळायचं कसं, सर? बंद झाल्यावर वाढवलं म्हणतात, तर खरंच वाढवल्यावर काय म्हणतात?"

"खरंच वाढवलं तर कोणी बोलतच नाही. नजर लागते."

पद्मजाबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग उठून म्हणाल्या, "सर, आपण समितीला खरं सांगून टाकू. चूक माझी आहे, मी सांगते."

सरांना त्या पोरीची दया आली आणि स्वतःची जास्त आली. "काही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुठली समिती बाजारात जाते? आपण दुपारी त्यांना डाळ-बाफले खाऊ घालू. उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप सढळ हातानं. बाफले खाल्लेला माणूस चार वाजेपर्यंत प्रश्न विचारण्याच्या स्थितीत नसतो. विमानतळ लांब आहे, संध्याकाळी निघतील."

तरीही सावधगिरी म्हणून त्यांनी संयम पितलियाला बोलावलं. हा दुसऱ्या वर्षाचा मुलगा, भांड्यांच्या व्यापाऱ्याचा. त्याच्या वडिलांचा उद्गार फलकावर सगळ्यात वर होता.

"संयम, तू उत्तर लिहिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं ना याचा अर्थ?"

"हो सर. घरचंच होतं ना."

"मग मॅडमना का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, मॅडमना कळलं असेल. मग फलक लागला, तेव्हा वाटलं, मोठ्या लोकांत असंच म्हणत असतील."

सरांनी खोलीचं दार लोटलं. मग म्हणाले, "हे बघ बेटा, बाजारात जायची वेळ येणार नाही. पण आलीच, आणि तुमच्या दुकानाला कुलूप का म्हणून बाईंनी विचारलं, तर सांगायचं, विस्तारासाठी दुरुस्ती चालू आहे. जमेल?"

संयम बुटांकडे बघत "हो सर" म्हणाला.

प्राध्यापक सुदेष्णा लाहिरी ठरल्या वेळी आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात चालायचे बूट. ते बूट पाहूनच पोरवाल सरांचा बाफल्यांवरचा विश्वास डळमळला. बाईंनी हार घेतला आणि टेबलावर ठेवला. शाल घेतली आणि खुर्चीवर ठेवली. बाफल्यांचं नाव काढलं तर म्हणाल्या, "नंतर. आधी तुमचा तो बाजार दाखवा. इतक्या वर्षांत किती विभाग पाहिले, पण ज्या गावातली चारातली तीन दुकानं वाढतात असं गाव पाहिलं नाही. मी अहवाल वाचला आणि तिकीट काढलं."

सरांनी ऊन दाखवलं. बाईंनी छत्री दाखवली.

मग वरात निघाली. पुढे बाई, त्यांच्या बाजूला घाम पुसत सर, मागे पद्मजाबाई आणि त्यांच्या मागे मुलं. या खेपेला मुलांना खरंच बाजारात जावं लागलं. वाटेत सरांनी शेवेचं दुकान दाखवून पाहिलं, सोन्याचा व्यापार किती जुना हे सांगून पाहिलं. बाईंनी लवंगी शेव चाखली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि विचारलं, "माणक चौक कुठे?"

माणक चौकात माणसं होती, गाई होत्या, मोबाइलच्या आवरणांच्या दोन गाड्या होत्या. आणि त्यांच्या मागे, डावीकडून उजवीकडे, कुलपं होती. पाट्या होत्या, पाट्यांवर देवांची नावं होती, आणि शटरवर निवडणुकीची आणि खाज-खरजेच्या मलमाची भित्तिपत्रकं. लाहिरीबाईंनी एकदा पाट्या पाहिल्या, एकदा हातातला अहवाल पाहिला.

"पितलिया बर्तन भांडार," त्यांनी एका शटरसमोर उभं राहून अक्षरं जुळवली. "हे तर फलकावर पहिलं आहे. कोण आहे या घरचं?"

संयम पुढे आला.

"दुकान वाढवलं म्हणता तुम्ही. मग हे कुलूप?"

संयमनं सरांकडे पाहिलं. सरांनी डोळ्यानं खूण केली. मुलगा शटरकडे वळला. शटरच्या खालच्या कोपऱ्यात लहान मुलानं खडूनं काढावं तसं रेल्वेचं एक इंजिन होतं, ते चित्र धुळीतही दिसत होतं. संयमनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "विस्तारासाठी..." तो म्हणाला आणि त्याचा आवाजच फुटेना. कान लाल झाले होते.

पोरवाल सरांना त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली, की घामाचंही भान राहिलं नाही. पोराला बापाच्या कुलपासमोर उभं करून आपण त्याला काय शिकवतोय? व्यवस्थापन?

"बंद आहे, मॅडम," सर म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. चौकातल्या दोन-चार माना वळल्या. मोबाइलवाल्यानं गाडीवरच्या देवाच्या तसबिरीला हात लावला आणि ओरडला, "काय भिया! भर बाजारात काय अभद्र बोलता? तोंडाला काही ताळतंत्र?"

"बंदच आहे रे," सर म्हणाले. एकदा शब्द सुटला होता, आता थांबेना. "हे बंद आहे, ते बंद आहे, ते पलीकडचंही बंद आहे. मॅडम, आमच्याकडे दुकान बंद झालं की वाढवलं म्हणतात. अहवाल चुकीचा आहे. या पद्मजाबाई परक्या मुलखातल्या, त्यांना कसं कळणार? मी इथला. मी वाचलंच नाही."

सगळे लाहिरीबाईंकडे बघू लागले. बाईंनी छत्री मिटली. आणि त्या हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना पितलियांच्या ओट्यावर बसावं लागलं.

"माझी आई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "घरातला तांदूळ संपला की म्हणायची, तांदूळ वाढता आहे. लग्न होऊन आलेली माझी बिहारी वहिनी ते ऐकून बिनघोर झोपली, आणि त्या दिवशी सगळे उपाशी! अहो, नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडचीही रीत." मग हसू आवरून त्यांनी संयमला जवळ बसवलं. "आता तू सांग, बाबा. का बंद झालं?"

"ऑनलाइनमुळे," संयम म्हणाला. हे उत्तर पाठ होतं.

"खोटं!" मागून एक मुलगी म्हणाली. ती शेजारच्या गल्लीतली होती. "मॅडम, यांच्याकडे फक्त पितळ मिळायचं. माझी आई कढई घ्यायला आली तर याच्या आजोबांनी तिला पितळेचे फायदे सांगून तसंच परत पाठवलं. मोबाइल तर तेव्हा गावात आलाही नव्हता."

"आजोबांना काही बोलू नकोस हां!"

"बोलत नाहीये, सांगतेय."

"पण मग बाबांनी स्टील ठेवलं होतं ना!"

"मागच्या बाजूला, लपवून. आजोबा बाहेर गेले की दाखवायचे. मग गिऱ्हाईक आजोबा कधी बाहेर जातात याची वाट बघायचं का?"

हशा पिकला. संयमही हसला आणि म्हणाला, "खरं तर बाबांना ते आजोबांना सांगायचं होतं. दहा वर्षं सांगायचं होतं." मोबाइलवाला गाडी सोडून जवळ आला आणि आपलं मत देऊ लागला. चौथ्या दुकानाची वासलात भावाभावांच्या अबोल्यानं लागली असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, अबोला नंतरचा, आधी वाहनबंदी आली. दोन मुलं त्यावरून हमरीतुमरीवर आली. पोरवाल सर मध्ये पडून प्रश्न विचारू लागले. कधी? आधी की नंतर? तुला कसं कळलं? त्यांना कळायच्या आत तास निघून गेला होता, आणि या तासाला एकाही मुलानं जांभई दिली नव्हती. पद्मजाबाई भराभर लिहून घेत होत्या, या वेळी रकाने न आखता.

"आणि हे?" लाहिरीबाईंनी पुढच्या शटरवरची पुसट पाटी वाचली. "पोरवाल वस्त्र भांडार. तुमचे कोणी?"

"वडिलांचं," सर म्हणाले. "मी कॉलेजात होतो तेव्हा वाढव... बंद झालं."

"का बंद झालं?"

सर उत्तर द्यायला गेले. वीस वर्षं ते धंदे का चालतात आणि का बुडतात हे शिकवत होते. स्कॉटलंडच्या बिस्किटांचं त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

"माहीत नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

लाहिरीबाईंनी छत्री उघडली आणि त्यांच्या डोक्यावर धरली. बाई ठेंगण्या, त्यामुळे छत्री सरांच्या कानाला लागत होती. "चला," त्या म्हणाल्या, "आता तुमचे बाफले."

संध्याकाळी कुलगुरूंच्या दालनात निकाल सांगायचा होता. कुलगुरूंच्या कानावर बाजारातला प्रकार आधीच गेला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुखवट्याला आल्याचा भाव होता. वाणिज्य विभागाचे प्रमुखही, का कोण जाणे, खोलीत होते. पोरवाल सर खिडकीशी बसले. आता खिडकीची सवय करून घ्यायला हवी, असं त्यांना वाटलं.

लाहिरीबाई उभ्या राहिल्या. बाफल्यांचा परिणाम त्यांच्या पापण्यांवर दिसत होता, पण आवाज स्वच्छ होता.

"माझी शिफारस एकच आहे. हा विभाग वाढवावा."

खोलीत कोणी हललं नाही. कुलगुरूंनी वाणिज्यवाल्यांकडे पाहिलं, वाणिज्यवाल्यांनी पोरवाल सरांकडे. शेवटी पद्मजाबाईच नायिकेसारख्या उठल्या.

"मॅडम, माफ करा. कुठल्या अर्थानं?"

बाईंच्या डोळ्यांत खट्याळ हसू आलं. "ते तुमच्या सरांवर आहे. एक वर्ष देते. माणक चौकातली बंद दुकानं का बंद झाली, हे या वर्गानं मला नावानिशी सांगायचं. देवाची मर्जी चालणार नाही. सांगितलं, तर वाढवायचा राजमहेंद्रीच्या अर्थानं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बिस्किटंच दिसली, तर रतलामच्या अर्थानं. पहिलं दुकान कुठलं घ्यायचं ते सरांना ठाऊक आहे."

सर घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मंजुलाबाईंनी चेहरा पाहून ओळखलं, की अब्रू गेली आहे पण विभाग शाबूत आहे, आणि चहा टाकला. बासाब झोपाळ्यावर होते. सर त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. असे समोर ते लहानपणी बसत, प्रगतिपुस्तकावर सही हवी असली की.

"बासाब, एक विचारू?"

"विचार."

"आपलं दुकान का बंद झालं?"

"बंद नाही, वाढवलं म्हण!" म्हातारा कडाडला. "दिवेलागणीला काय बोलतोस? एवढा शिकलास, जिभेला वळण नाही!"

सर उठले मात्र नाहीत. झोपाळ्याच्या कड्या थोडा वेळ करकरत राहिल्या. मग बासाबांनी पाय टेकून तो थांबवला.

"इतकी वर्षं लागली होय रे तुला विचारायला?" ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "मला वाटायचं, एवढा मोठा मास्तर, याला आपोआप कळलं असेल."

"नाही कळलं."

"त्यात कळण्यासारखं काय आहे? गिऱ्हाईक दारात यायचं. त्याला काय हवंय हे मी कधी विचारलं नाही. मीच सांगायचो, हे घ्या, हाच माल चांगला. माझ्या बापानं ठेवला तोच माल मी ठेवला. अठरा वर्षं तेच कापडाचं ठाण, तेच बोलणं. लोक मान डोलवायचे, मला वाटायचं पटलं. ते घरी जायची वाट बघत असायचे." बासाब हसले, मग त्यांनी मुलाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तुझं बरं आहे. तुझी गिऱ्हाइकं उठून जात नाहीत. हजेरी असते."

स्वयंपाकघरात मंजुलाबाईंना जोराचा ठसका लागला. तो खोकल्याचा नव्हता.

चहा निवला. मग पोरवाल सरांनी स्टूल झोपाळ्याच्या आणखी जवळ ओढलं.

"बासाब, उद्या अकरा वाजता माझ्या वर्गात याल?"

"मी? मी काय शिकवणार?"

"शिकवायचं नाही," सर म्हणाले. "मुलं विचारतील, तेवढं सांगायचं. आणि मी पण विचारेन."

म्हाताऱ्यानं विचार केला. मग आत हाक मारली, "सूनबाई, माझी ती पांढरी टोपी काढून ठेव. उद्या दुकानात जायचंय."